गळतीचा आवाज

उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसायला लागले, की मला अन्न नकोसं होतं. फराळाच्या डब्यात तळाशी चिवड्याचा चुरा तेवढा उरलेला असतो, सकाळच्या हवेला बोचरेपणा आलेला असतो, आणि एक दिवस दवाखान्यात जाताना वारा फिरतो. कारखान्याच्या मळीचा वास येतो. गोड म्हणावा तर कुजका, कुजका म्हणावा तर गोड. कोल्हापुरात जन्म काढलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. मलाही पूर्वी जाणवत नव्हता. गुऱ्हाळावर उभं राहून कोमट काकवी पिणारी, गरम गूळ बोटानं चाटणारी मुलगी होते मी. आता हंगाम सुरू झाला, की गाडीच्या काचा वर करते. काचा बंद असल्या तरी वास आत येतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घशात बसून राहतो.

खरं तर मला सहजासहजी किळस येत नाही. मी दातांची डॉक्टर. मंगळवार पेठेत गेली बावीस वर्षं लोकांच्या तोंडात बघते आहे. पू, रक्त, तंबाखूनं काळवंडलेल्या हिरड्या, आठवडाभर दाढेत अडकून सडलेला मटणाचा दोरा. यातल्या कशानंही माझ्या दुपारच्या भाकरीची चव गेलेली नाही. तेव्हा किळस हा शब्द मी उगाच वापरत नाही. त्या वर्षीच्या हंगामात ती आली, आणि नेमकी कशाची आली, हे कळायला मला पुढं बराच वेळ लागला.

त्याच वर्षी मी गाडी घेतली होती. वीस-बावीस वर्षं वय झालेली, दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी बुटकी लाल स्पोर्ट्स कार. बेळगावच्या एका वयस्कर गृहस्थांनी ती जिवापाड सांभाळली होती. त्यांचे गुडघे गेले, इतकं खाली बसणं-उठणं जमेना, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. मी ती शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत आणून लावली, तेव्हा नवरा म्हणाला, “दोन सीटच्या गाडीत बसायचं कुणी?”

“मी,” म्हटलं. “आणि वाटलं तर तू.”

पंधरा दिवस गाडी पोटभर चालवली. पन्हाळ्याच्या वळणांवर तिचं नाक जिथं वळवावं तिथं वळायचं. मग एका सकाळी चावी फिरवली आणि ती ओरडली. एरवी उभ्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा नऊशेवर शांत बसायचा. त्या दिवशी तो दोन हजारावर जाऊन बसला आणि खाली यायचं नाव घेईना. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, गाडी उभी, आणि इंजिन कुणीतरी मागं लागल्यासारखं पळतंय. सिग्नलला थांबले, की आजूबाजूचे लोक वळून बघायचे. शेजारच्या टेंपोवाल्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, “म्याडम, रेस लावायची काय?”

मी हसले. चार दिवसांनी हसू संपलं.

उचगावच्या रस्त्याला एका ट्रॅक्टरच्या मागं होते. त्याला उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या, वर कर्ण्यावर गाणं. त्यानं अचानक वेग कमी केला. मी पाय काढला, पण पाय काढल्यावर गाडी जशी मागं ओढ घेते, तशी तिनं घेतलीच नाही. ती पुढंच रेटत राहिली. मी ब्रेकवर उभी राहिले. गाडी थांबली तेव्हा उसाची तोडलेली बुडं काचेपासून वीतभर अंतरावर होती. पांढरी, तिरकी कापलेली, रस गळणारी बुडं. ट्रॅक्टरवाल्याला काही पत्ताच नव्हता. त्याचं गाणं पुढं निघून गेलं. आत कच्च्या पेट्रोलचा वास, बाहेरून मळीचा. मी दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला सकाळचा चहा ओकून टाकला.

तशीच पुढं आबा मिस्त्रींच्या शेडवर गेले.

आबांचं गॅरेज उचगावात. माझे वडील त्यांच्याकडं स्कूटर न्यायचे, तेव्हापासूनची ओळख. आबांना सगळे ‘कानाचा मिस्त्री’ म्हणायचे. गाडी आली, की आबा शेडमधलं सगळं काम थांबवायचे. हातोडी बंद, रेडिओ बंद. मग हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचे आणि दुसरं टोक इंजिनावरून हळूहळू फिरवायचे, डॉक्टरनं छाती तपासावी तसं. एका ठिकाणी हात थांबायचा. आबा म्हणायचे, “हितं हाय.” आणि तिथंच असायचं. मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यांनी ती नळी माझ्याही कानाला लावली होती. “ऐक पोरी. इंजान श्वास घेतंय. कळतंय?” मला कळलं होतं. वडील घरी येऊन आईला सांगत होते, पोरीला कान आहे म्हणून.

त्या दिवशीही आबांनी शेड शांत केलं. नळी फिरवली. बराच वेळ फिरवली. मग कंबर सरळ करून म्हणाले, “हवा कुठनं बी ओढत न्हाय. आयडलचा व्हॉल्व्ह गेलाय, उभ्या गाडीला मोजून हवा देतोय त्यो.”

“नक्की ना आबा?”

ते माझ्याकडं बघत राहिले. गॅरेजचं सुट्या भागांचं काउंटर सांभाळणारी त्यांची मुलगी सुरेखा तिथूनच मोठ्यानं ओरडली, “आबा! ताई इच्यारत्यात, नक्की का?”

“नक्की म्हंजे? माझा कान हाय ह्यो!” आबा म्हणाले.

व्हॉल्व्ह बदलला. काटा दोन हजारावरच. मग एक सेन्सर बदलला. मग दुसरा. मग आबांनी एक स्क्रू आवळून इंजिनाला जबरदस्तीनं खाली आणलं. तेव्हा गाडी गप्प झाली खरी, पण आता ती सिग्नलला बंद पडायची. मागं हॉर्न, आणि मी त्या लाल बुटक्या गाडीत चावी फिरवत बसलेली. परत उचगाव. परत नळी. परत “हवा न्हाय ओढत”. दिवाळीनंतर सुरू झालेलं हे संक्रांत जवळ आली तरी चाललंच होतं. दवाखान्यातला एखादा पेशंट सोडून मी तिकडं धावायचे.

इंजिनाचं गणित तसं साधं असतं. त्यानं ठरलेल्या वाटेनं, मोजून हवा घ्यायची. पाय काढला, की ती वाट जवळजवळ बंद होते आणि इंजिन शांत होतं. पण पुढं कुठंतरी चीर असेल, तर इंजिन तिथून चोरून हवा ओढत राहतं आणि शांत होत नाही. हे मला आबांनीच समजावलं होतं, आणि तशी चीर नाही असंही त्यांनीच शपथेवर सांगितलं होतं.

हळूहळू मला त्या शेडचाच उबग यायला लागला. प्रत्येक वेळी गाडी परत मिळायची तेव्हा तिच्यावर काहीतरी उमटलेलं असायचं. सीटवर काळ्या तेलाचा अंगठा. स्टिअरिंगवर चिकट हात. एकदा बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या. एकदा पायाजवळ उसाचा चघळून टाकलेला चोथा, आणि त्या चोथ्यापासून थेट माझ्या सीटपर्यंत मुंग्यांची रांग. दुसऱ्याच्या तोंडातून निघालेल्या गोष्टींत माझा दिवस जातो. पण तो चोथा उचलताना माझ्या बोटांना शहारा आला. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले.

सुरेखाचाही मला राग यायचा. पस्तिशीची बाई, आणि चार गिऱ्हाइकांसमोर बापावर खेकसायची. “आबा, हिकडं बघा की!” “आबा, ते काय म्हणत्यात ऐका!” गिऱ्हाईक बोललं, की ही तेच वाक्य दुप्पट मोठ्यानं बापाच्या तोंडावर फेकायची. मला वाटायचं, बाप म्हातारा झाला म्हणून हिनं गॅरेज हातात घेतलंय आणि आता त्याला पोराटोरासारखं वागवतेय. आणि आबांबद्दल वाटायचं, हा माणूस मला खेळवतोय. जुन्या ओळखीच्या आधारानं. एकेक भाग बदलत, गाडी आपल्याच दारात फिरवत ठेवतोय.

रागापेक्षा किळस सोयीची असते. राग आला तरी समोर माणूस उरतो, त्याच्याशी भांडावं लागतं, त्याचं ऐकावं लागतं. किळस आली की समोर नुसती घाण उरते, आणि घाण झटकताना आपला हात जराही अडखळत नाही. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला फक्त बरं वाटत होतं, आपण स्वच्छ आहोत असं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सकाळी मी गेले. आबांनी तो स्क्रू पुन्हा मूळ जागी आणून ठेवला होता, त्यामुळं काटा परत दोन हजारावर. शेडमध्ये चार-पाच गिऱ्हाइकं, कुणी स्टुलावर, कुणी टायरच्या ढिगावर बसलेलं. मी म्हटलं, “बॉनेट उघडा. मला बघायचंय.”

मी वाकले. गरम रबराचा, तेलाचा भपका तोंडावर आला. इंजिनाच्या गोंगाटाखाली मला एक बारीक आवाज ऐकू आला. सुईसारखा. स्स्स्स... तो आवाज मी दिवसातून पन्नास वेळा ऐकते. पेशंटच्या तोंडातली लाळ ओढायची नळी असते आमच्याकडं. गालाला नीट टेकली नाही की ती अशीच सिसकारते. मी अभावितपणे हातानंच शोधायला लागले.

“आबा, हा आवाज येतोय की.”

आबांनी नळी कानाला लावली. दुसरं टोक इंजिनावरून फिरवलं. मी बघत होते. ते टोक त्या जागेवरून गेलं, अगदी तिच्यावरून, आणि थांबलं नाही.

“न्हाय,” आबा म्हणाले. “काय न्हाय.”

त्यांचा चेहरा इतका ठाम होता की माझं डोकं फिरलं. पर्समध्ये दवाखान्यातली एक सिरिंज होती. शेडमधल्या बाटलीतलं पाणी तिच्यात ओढून घेतलं आणि इंजिनाच्या मागं, गाडीच्या पत्र्याच्या आडभिंतीलगत गेलेल्या बोटभर जाडीच्या रबरी नळीवर चार थेंब सोडले. नळीच्या वळणावर, खालच्या बाजूला. इंजिन एकदम अडखळलं. पाणी आत ओढलं गेलं होतं. मग मी वाकून बोट घातलं. चीर बोटाला लागली, आणि बोटाचं कातडं आत ओढलं गेलं, एखाद्या लहान तोंडानं चोखावं तसं. त्याच क्षणी आवाज थांबला. स्टुलावरचा एक माणूस उठून गाडीच्या आत डोकावला आणि ओरडला, “आला! काटा नऊशेवर आला!”

दोन महिन्यांनी गाडी माझ्या बोटाच्या टोकाशी शांत उभी होती.

कुणीतरी हसलं. “आबा, कानातला मळ काढून घ्या की जरा!” दुसरा म्हणाला, “डाक्टरनं मिस्त्रीला शिकवलं!” सगळे हसले. त्या हसण्यानं मला जोर आला. मी बोट काढलं. इंजिन पुन्हा किंचाळायला लागलं, आणि त्याच्या वरताण आवाजात मी आबांच्या समोर उभी राहून बोलले. काय बोलले ते शब्दाला शब्द आठवतं.

“तुम्हाला माहीत होतं. मुद्दाम ठेवलीत ही गळती. माझे वडील तुम्हाला देव मानायचे, आणि तुम्ही माझ्या जिवाशी खेळलात. किळस येते मला तुमची.”

हसणं थांबलं. आबा माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी मान वळवून सुरेखाकडं बघितलं, नेहमीसारखं, ती आता मोठ्यानं सांगेल म्हणून वाट बघत.

सुरेखा काउंटरच्या बाहेर आली होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग बापाच्या जवळ जाऊन, त्याच्या दंडाला हात लावून, नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाली, “आबा, ताई म्हणत्यात, गाडीचं दुखणं सापडलं!”

आबांचा चेहरा खुलला. “सापडलं न्हवं? झ्याक झालं!” ते म्हणाले. “सुरे, नवी नळी काढ त्या मापाची. चांगली बघून काढ.”

मी शेडच्या बाहेर आले आणि लिंबाच्या झाडाखाली थांबले. थोड्या वेळानं सुरेखा आली. हातातल्या बोळ्यानं बोटं पुसत होती.

“दोन वर्सं झाली,” ती म्हणाली. “पयल्यांदा बारीक आवाज गेले. मग माझं बोलणं ऐकू येईना. आता इंजान गरजलेलं तेवढं कळतंय. कानातलं मशीन आणलंय, ते कपाटात ठेवलंय त्यांनी. कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणंल, म्हणत्यात.”

“मला सांगायचं नाही का गं?”

“कुणाला कुणाला सांगू, ताई? माणसं त्यांच्या कानासाठी येत्यात. मी ओरडून ओरडून निभावलं बघा. तुमची गाडी न्हाय निभावली.” ती थांबली. “जुनी गाडी हाय, रबर कुठं बी चिरतंय, सगळ्या नळ्या बदलू, असं मी म्हणलं हुतं. ते म्हणले, माझा कान सांगतोय न्हवं? मग मला बी बोलाय ईना.”

“मी आत जाऊन माफी मागते.”

“न्हाई,” सुरेखा म्हणाली. आवाज पहिल्यांदाच हळू होता. “कशाची माफी मागणार? मग तुम्ही काय म्हणलात ते सांगायला लागंल. त्यांना कळलं न्हाई. ऱ्हाऊ दे तसंच. एवढं करा माझ्यासाठी.”

मी तेवढं केलं. खरं तर ते करणं किती सोपं होतं, याचीच मला जास्त शरम वाटते. नवी नळी बसली. मी गाडी काढली तेव्हा आबा फाटकापर्यंत आले आणि वाकून काचेवर टकटक करून म्हणाले, “आता कसं? मांजरागत गुरगुरतीया बघ!” मी मान हलवली. सगळा रस्ता मला स्वतःच्या बोटाचा वास येत होता, रबराचा आणि तेलाचा. साबणानं गेला नाही, लिंबानं गेला नाही. की गेला होता आणि मीच हुंगत बसले होते, कोण जाणे.

गाडी अजून माझ्याकडं आहे. ती सुरू केली की काटा नऊशेवर बसतो, केसभर इकडंतिकडं होत नाही. पूर्वी या शांततेसाठी मी किती तडफडले होते. आता सिग्नलला थांबले की तिची ती शहाणी शांतता मला सहन होत नाही, मी उगाच ॲक्सिलरेटर दाबते. लोक वळून बघतात. त्यांना वाटतं, बाईला अजून हौस आहे. रस्त्यावर उसाची चिपाडं पडलेली असतात, चाकाखाली चिरडून काळी झालेली, त्यांवर माश्या. मी ट्रॅक्टरवाल्यांना, कारखान्याला, सगळ्या हंगामाला शिव्या घालते. पण किळस खरी कुणाची, हे मला ठाऊक असतं. आबांवर ओरडलेलं ते तोंड माझंच होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडातली घाण मला शोधायची सवय आहे.

त्या हंगामाच्या शेवटी, कारखान्याचं गाळप थांबायला आलं होतं तेव्हा, आबा माझ्या दवाखान्यात आले. एकटेच. गाल सुजलेला. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, नखांत मात्र काळं तेल तसंच. त्यांनी चपला बाहेरच काढल्या होत्या, हे ते खुर्चीत बसल्यावर मला दिसलं.

मी हातमोजे चढवले, मास्क लावला, दिवा त्यांच्या तोंडावर घेतला. खालची मागची दाढ पार पोखरली होती. कितीतरी आठवडे दुखत असणार. मी त्यांच्या तोंडातला तपासणीचा आरसा बाहेर काढला, मान खाली घातली आणि ट्रेमधली हत्यारं उगाच सारखी करत, मास्कच्या आडून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “आबा, त्या दिवशी माझं चुकलं. मला माफ करा.”

सुरेखाला दिलेला शब्द मोडला नव्हता. त्यांना ऐकू येणार नव्हतं. मला बोलल्याचं समाधान आणि त्यांना काही कळायला नको. इतक्या हिशेबानं मी माफी मागत होते.

आबा म्हणाले, “काय म्हणलीस?”

“काही नाही.” मी मान हलवली.

“त्ये फडकं काढ की तोंडावरचं,” आबा म्हणाले. “तोंड दिसल्याबिगर मला कळत न्हाय. ओठ दिसलं की समदं कळतंय. दोन वर्सं तसंच चाललंय माझं.” मग जरा थांबून, छताकडं बघत म्हणाले, “सुरीला नको सांगूस. तिला वाटतंय, तीच समदं सांगती म्हणून मला कळतंय. वरडून वरडून घसा बसतो पोरीचा. पर तिला बरं वाटतंय, तर वरडू दे.”

माझे हात ट्रेवरच राहिले. त्या रविवारी माझ्या तोंडावर मास्क नव्हता. मी त्यांच्या समोर उभी होते, दोन हातांच्या अंतरावर, सकाळच्या लख्ख उजेडात. प्रत्येक शब्द तोंड वासून म्हटला होता. आणि तो वाचून झाल्यावर त्यांनी मान वळवून मुलीकडं बघितलं होतं, तिला जे सांगायचं ते सांगू दिलं होतं आणि ‘झ्याक झालं’ म्हणाले होते.

मी मास्क खाली ओढला. आबांनी माझ्या ओठांवर नजर लावली. शांत नजर होती, काम समजून घेणाऱ्या माणसाची. आता म्हणता आलं असतं. तीन शब्द होते. सहायक बाई बाहेर गेली होती, खोलीत आम्ही दोघंच.

“दाढ काढावी लागेल, आबा,” मी म्हणाले.

त्यांनी ते वाचलं. आणखी काही येतंय का, म्हणून क्षणभर माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग मान मागं टेकली.

“काढ,” म्हणाले, आणि माझ्यापुढं तोंड उघडलं.